संक्रांतीच्या वाणासाठी घरच्या घरी बाथ बॉम्ब : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सांगलीत आमच्या गल्लीत बाथटब एकाच्याही घरी नाही. तरी गेली तीन वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरी केलेले बाथ बॉम्बच, म्हणजे पाण्यात टाकले की फसफसणारे गोळे, वाण म्हणून लुटते, आणि रथसप्तमी उलटली की "अजून दोन मिळतील का गं?" असे निरोप यायला लागतात. आम्ही हे गोळे वापरतो पायांसाठी. कपडे भिजवायचा टब घ्यायचा, घोटे बुडतील इतकं कोमट पाणी ओतायचं, एक गोळा सोडायचा आणि पंधरा मिनिटं खुर्चीत बसायचं. दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला किंवा दुकानात उभ्यानं दिवस काढलेल्या माणसाला यातलं सुख सांगावं लागत नाही. माझ्या तासगावच्या मावशीचं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. तिच्या टाचांच्या भेगा कायमच्या काळ्या झालेल्या. पहिल्यांदा तिनं टबात पाय ठेवले तेव्हा फेस घोट्यांभोवती चढताना ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आगं, पायास्नी गुदगुल्या हुत्यात की!"

करायला हे अवघड नाही. ज्याला रव्याचा लाडू वळता येतो त्याला बाथ बॉम्ब जमतोच, कारण दोन्हीकडे सगळं कसब ओलाव्यात आहे. साहित्य आणि साचे यांवर लोक फार खर्च करतात आणि नेमका ओलावा चुकतो. म्हणून या लेखात मी त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

फेस येतो कशामुळे

ढोकळ्याच्या पिठात इनो घातल्यावर जे होतं तेच इथे होतं. खाण्याचा सोडा हा अल्कधर्मी, लिंबूसत्व हे आम्ल. कोरडे असेपर्यंत दोघं एका डब्यात गप्प राहतात. पाणी लागलं की त्यांची क्रिया सुरू होते, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे म्हणजे तो फेस. शेवटी पाण्यात सोडियम सायट्रेट नावाचा सौम्य क्षार विरघळून राहतो. १९८९ साली इंग्लंडमध्ये 'लश' या कंपनीच्या सहसंस्थापक मो कॉन्स्टंटाइन यांनी पहिला बाथ बॉम्ब केला, त्यांनाही ही कल्पना अल्का-सेल्ट्झर या पाण्यात फसफसणाऱ्या गोळीवरून सुचली होती.

रसायनाचा हिशेब धरला तर १०० ग्रॅम लिंबूसत्व पूर्ण खपायला साधारण १३१ ग्रॅम सोडा पुरतो. आपण २०० ग्रॅम घेतो. त्यामुळे शेवटी थोडा सोडा उरतो पण आम्ल उरत नाही, आणि भेगा पडलेल्या टाचांना पाणी चुरचुरत नाही. दोनास एक हे प्रमाण म्हणूनच मोडू नका. फेस जास्त यावा म्हणून लिंबूसत्व वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो.

काय काय लागेल

एका घाण्यात लिंबापेक्षा थोडे मोठे, साधारण ५५ ग्रॅमचे आठ गोळे होतात. त्यासाठी खाण्याचा सोडा २०० ग्रॅम, लिंबूसत्व १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ७५ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ५० ग्रॅम, खोबरेल तेल चहाचे चार चमचे आणि सुवासिक तेलाचे दहा थेंब. ओलावा द्यायला स्प्रेच्या बाटलीत थोडं सर्जिकल स्पिरिट. शक्यतो वजनकाट्यावर मोजा. वाटीनं मोजलं तर लिंबूसत्वाचे खडे आणि सोड्याची पूड यांत फरक पडतो.

सोड्याच्या बाबतीत दुकानात नीट सांगा. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा ही वेगळी आणि कितीतरी जहाल वस्तू आहे, ती कातडीला लावायची नाही. पापडखारही नको. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे तिनं प्रमाण बिघडतं.

लिंबूसत्व किराणा दुकानात साखरेसारख्या खड्यांत मिळतं. ते मिक्सरमधून बारीक करून घ्यावं लागतं, नाहीतर गोळ्यावर खडे दिसतात आणि फेस एका जागी फटकन येऊन संपतो. मिक्सरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं धूळ खाली बसू द्या. ही धूळ नाकातोंडात गेली की जोरदार ठसका लागतो आणि डोळ्यांत गेली तर फार झोंबते. नाकाला रुमाल बांधा आणि लहान मुलांना तेवढा वेळ बाहेर पाठवा.

कॉर्नफ्लोअर म्हणजे कस्टर्डात घालतात ती पांढरी पूड. मक्याचं पिवळं पीठ घेऊ नका. कॉर्नफ्लोअरनं गोळा घट्ट बसतो आणि फेस सावकाश, जास्त वेळ येत राहतो. नसेल तर आरारूट चालतं. मैदा मात्र चिकट लगदा करतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आपल्याकडे बागायतदारांच्या घरात याची पोती असतात, कारण द्राक्षाच्या पानांना मॅग्नेशियम कमी पडलं की ते देतात. "घरात आहेच की" म्हणून त्यातलं मूठभर आणू नका. खताच्या प्रतीचा माल अंगाला लावण्यासाठी बनवलेला नसतो. मेडिकलमधून छोटं पाकीट आणा. मिळालं नाही तर गाळा, गोळा त्याच्यावाचून अडत नाही. त्याच्या जागी जाडं मीठ मात्र घालू नका. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आठवा, गोळ्यातही तेच होईल.

सुवासासाठी मी लव्हेंडर किंवा गवती चहाचं तेल घेते. गवती चहाचं तेल तीव्र असतं, दहा थेंबांवर जाऊ नका. लिंबूवर्गीय तेलं लावून उन्हात गेलं तर काहींच्या कातडीला त्रास होतो, म्हणून ती मी टाळते. कापूर नको. लहान मुलाच्या तोंडात गेला तर तो घातक ठरतो. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर वासाचं तेल न घालता गोळे करा, फेस तितकाच येतो.

हळद घालायची का?

सांगलीत राहून हळद घालणार नाही असं कोण म्हणेल? इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि राजापुरी हळदीचा वास मार्केट यार्डाच्या रस्त्यावरूनच येतो. मीही पहिल्या वर्षी पोह्याचे दोन चमचे भरून हळद घातली. गोळे दिसायला देखणे झाले. पण वापरल्यावर नखं पिवळी, टाचा पिवळ्या, टब पिवळा, आणि पाय पुसलेल्या पांढऱ्या टॉवेलावर साबण लागल्याबरोबर लालभडक डाग. हळद आणि चुना मिळून पूर्वी कुंकू करत, ते याच गुणामुळे : अल्कधर्मी पदार्थ लागला की हळदीचा पिवळा रंग तांबडा होतो. गोळ्यात सोडा आहेच, त्यामुळे जिथे पाण्याचा थेंब जास्त पडेल तिथे तांबूस ठिपके उमटू शकतात.

आता मी एका घाण्याला हळदीची चिमूट घालते, पाव चमचाही नाही. सायीसारखा फिकट पिवळा रंग येतो आणि पायांना डाग पडत नाही. दुसरा रंग हवा असेल तर खाण्याच्या रंगाची कोरडी पूड चिमूटभर. रांगोळीचे, होळीचे रंग किंवा बाजारचं कुंकू अजिबात नको.

हवा बघून दिवस ठरवा

माझा अगदी पहिला घाणा मी आषाढात घातला. बाहेर भुरभुर पाऊस, भिंतींना ओल. रात्री आठ सुबक गोळे ताटात ठेवून झोपले. सकाळी ताटात आठ चपट्या भाकऱ्या होत्या, वर अनारशासारखी जाळी पडलेली. हवेतल्या दमटपणानंच रात्रभर सावकाश क्रिया होत राहिली होती. पाण्यात टाकल्यावर त्यातून चार बुडबुडे निघाले आणि संपलं.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी हे काम काढतच नाही. डिसेंबर-जानेवारीतली सांगलीची कोरडी थंडी याला सर्वांत चांगली. संक्रांतीच्या वाणासाठी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे सुकायला वेळ मिळतो. थंडीचा आणखी एक फायदा आहे. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे हिवाळ्यातला गोळा दगडासारखा घट्ट होतो. सकाळी आंघोळी-धुणी उरकून घरातली वाफ निघून गेली की दुपारी बसा. गॅसवर काही उकळत नको. स्पिरिट पेट घेतं, हे त्याचं दुसरं कारण.

कृती

सोडा, कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर हळद पिठाच्या चाळणीतून चाळून मोठ्या परातीत घ्या. सोड्याच्या गुठळ्या राहू देऊ नका. बारीक केलेलं लिंबूसत्व आणि एप्सम सॉल्ट त्यात मिसळा. मिश्रण सगळीकडे एकसारखं दिसेपर्यंत हातानं वरखाली करत राहा. हातमोजे घाला, कारण हाताला बारीक कापलं असेल तर लिंबूसत्व झोंबतं आणि तळहाताचा घामही इथे नको असतो.

थंडीत खोबरेल तेल गोठलेलं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, वाटीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. सुवासिक तेल त्यातच मिसळा. हे तेल मिश्रणावर थोडं थोडं सोडत, शंकरपाळ्यांच्या मैद्याला मोहन चोळतो तसं दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं चोळा. ही पाच मिनिटं वाचवू नका. तेल सगळीकडे लागलं की सोड्याच्या कणांवर पातळ थर बसतो आणि नंतरचा ओलावा एकदम भिडत नाही.

आता मूठ वळून बघा. बहुतेक वेळा नुसत्या तेलावर ती अर्धवट वळते, उघडताच कडा ढासळतात. इथून पुढे स्पिरिटचा फवारा. एका हातानं एकदा फवारायचं आणि दुसऱ्या हातानं लगेच ढवळायचं. पुन्हा एकदा, पुन्हा ढवळायचं. एका जागी दोनदा फवारा पडता कामा नये. कान द्या. चर्रर्र असा बारीक आवाज आला तर ओलावा तिथे जास्त झाला आहे, ताबडतोब तिथलं मिश्रण कोरड्यात कालवा. हाताला अचानक गार लागलं तरी थोडं थांबा. स्पिरिट उडून जाताना गारवा देतंच, पण सोडा आणि लिंबूसत्वाची क्रियाही उष्णता शोषून घेते. गारवा राहिला आणि मिश्रण फुगून हलकं झालं तर क्रिया सुरू झाली असं समजा.

दर दोन-तीन फवाऱ्यांनंतर मूठ वळा. मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि बोटं उघडा. बोटांच्या खुणा उमटलेला मुटका हातात तसाच उभा राहिला पाहिजे. अंगठ्यानं हळूच ढकलला की दोन तुकडे व्हावेत, पण भुगा होऊ नये. तळहात ओला दिसू नये, नुसता थोडा तेलकट लागावा. नदीकाठच्या ओलसर रेतीत पोरं खोपे करतात, ती रेती हाताला जशी लागते तसंच हे मिश्रण लागतं. इतकं झालं की फवारा बाजूला ठेवा, "अजून एक" म्हणू नका. आठ गोळ्यांच्या घाण्याला मला साधारण चहाचे दोन-तीन चमचे स्पिरिट लागतं, पण हवेप्रमाणे ते कमीजास्त होतं. अंदाज मुठीवरूनच घ्यायचा.

स्पिरिट नसेल तर पाणीही चालतं, पण फवारे मोजून तीन-चार. पाण्यात चूक सुधारायला वेळ मिळत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करताना स्पिरिटच घ्या. सॅनिटायझरची जेल मात्र नको.

मिश्रण जमलं की वेळ दवडू नका, ते लवकर सुकतं. दोन झाकणांचा प्लास्टिकचा मोदकाचा साचा यासाठी फार चांगला. दोन्ही बाजू काठाच्या वर येईल इतक्या भरा, मधलं मिश्रण न दाबता सैलच राहू द्या, आणि दोन्ही बाजू एकमेकींवर सरळ जोर देऊन दाबा. पिळू नका, पिळलं की सांधा सरकतो. चमच्यानं बाहेरून टकटक करा आणि एक बाजू हळूच उचला. साचा नसेल तर छोट्या वाटीत दाबून भरा आणि ताटात पालथी घाला, अर्धगोल पडतो. हातानं वळायचं तर लाडूपेक्षा दुप्पट जोर लावा. अॅल्युमिनियमचे साचे आम्लानं काळवंडतात, ते घेऊ नका. यासाठी वापरलेला साचा परत नैवेद्याच्या मोदकांना वापरू नका, वास जात नाही.

गोळे सुती कापड घातलेल्या ताटात, एकमेकांना न चिकटता, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांबच्या खोलीत २४ ते ४८ तास ठेवा. उन्हात ठेवायची गरज नाही. पहिले सहा तास हात लावू नका.

बिघडलं तर

गोळ्याला तडा गेला किंवा साच्यातून निम्माच निघाला म्हणजे मिश्रण कोरडं राहिलं. सगळं परत परातीत मोडा, दोन फवारे द्या, पुन्हा भरा. वर फोड आले किंवा गोळा फुगून साच्याबाहेर आला म्हणजे ओलावा जास्त झाला. चमचा-दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि थोडा सोडा घालून चोळा. अगदी फसफसून गेलं असेल तर तो घाणा गोळ्यांसाठी गेला. भुगा सुकवून बरणीत ठेवा आणि पायांच्या पाण्यात चमचाभर टाका.

मोठा घाणा घालून वेळ वाचेल असं वाटतं, पण शेवटचे गोळे भरेपर्यंत परातीतलं मिश्रण कडक होतं. वाणासाठी चोवीस गोळे हवेत तर आठ-आठचे तीन घाणे करा.

ठेवणं आणि देणं

सांगलीशेजारच्या, नदीकाठच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. आमच्या गावाला दमट हवेपासून माल जपायची ही जुनी सवय आहे, ती इथे कामाला येते. पूर्ण सुकलेला प्रत्येक गोळा पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत औषधाच्या बाटलीतून निघणारी सिलिका जेलची पुडी टाका. ओलसर गोळा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत कधी ठेवू नका, आत वायू साठून दाब वाढतो. तीन-चार महिन्यांत वापरून टाका. नंतर फेस कमी होतो आणि तेलाला खवट वास येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाणाच्या ताटात शेजारी तिळगूळ असतो आणि आपला पिवळसर गोळा हुबेहूब लाडवासारखा दिसतो. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीच्या चार वर्षांच्या मुलानं त्याचा तुकडा तोडला. तोंडात फेस, मग जी रडारड! चुळा भरून, पाणी पाजून तो शांत झाला, पण त्या दुपारी माझे हातपाय गार पडले होते. तेव्हापासून प्रत्येक गोळ्यावर ठळक चिठ्ठी असते : "पाय भिजवण्यासाठी. खायचा पदार्थ नाही." आणि गोळे तिळगुळापासून वेगळ्या टोपलीत ठेवते.

वापरताना

टबात पाच-सहा लिटर कोमट पाणी, एका वेळी एक गोळा. पाणी कढत नको. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांनी पाण्याचा गरमपणा दुसऱ्याकडून हातानं तपासून घ्यावा, आणि पाय भिजवायचे की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं. जखम, चिघळलेली भेग किंवा इसब असेल तर बरं होईपर्यंत थांबा. नवा घाणा असेल तर आधी वाटीभर पाण्यात चिमूटभर भुगा विरघळवून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पंधरा मिनिटांनी पाय नुसत्या पाण्यानं धुवा, जुन्या टॉवेलानं हलकेच टिपा आणि टाचा ओलसर असतानाच खोबरेल चोळा. भेगांसाठी हे तेलच खरं काम करतं, भिजल्यामुळे कातडी मऊ होऊन ते आत जिरायला मदत होते. टबातलं पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार असतात, मोरीतच ओता. आणि ओतल्यावर लगेच फरशीवर साबणाचं पाणी टाकून खराटा मारा, खोबरेलाचा थर राहिलेल्या फरशीवर पुढच्या माणसाचा पाय घसरतो.